लहर बंद करता येत नाही, मग तुलना कशाशी?

पेटच्या गाइडमध्ये वैज्ञानिक पद्धतीची ठरलेली आकृती असते. निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष, आणि मध्ये बाण. एका मार्कापुरतं ठीक आहे. पण ती डोक्यात ठेवून खरा पेपर वाचायला बसलात की अडलंच समजा.

आपल्या जिल्ह्याशी नातं असलेलाच पेपर घेऊ. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया उभं राहतंय. लायगोच्या अमेरिकेतल्या दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला गुरुत्वीय लहर टिपली आणि ११ फेब्रुवारी २०१६ ला फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये तो पेपर आला.

सोयाबीनवर खताचा प्रयोग असेल तर एक वाफा बिनखताचा ठेवता येतो. गुरुत्वीय लहर कशी बंद करणार? तिला अडवेल अशी भिंतच नाही. मग यंत्राचा नुसता गोंधळ कसा दिसतो हे कळायचं कसं?

इथे पेपरची खरी करामत आहे. हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन ही ठिकाणं एकमेकांपासून सुमारे ३,००० किलोमीटरवर. खरी लहर दोन्हीकडे फार तर १० मिलिसेकंदांच्या फरकाने पोचणार. म्हणून त्यांनी एका यंत्राची नोंद मुद्दाम ०.१ सेकंदाने सरकवली आणि दुसरीशी ताडून पाहिली. आता जो काही मेळ बसेल तो योगायोगच, कारण लहर इतका उशीर करत नाही. मग पुन्हा सरकवली, पुन्हा ताडली. अशा रीतीने १६ दिवसांच्या नोंदींतून ६,०८,००० वर्षांइतका ‘बिनखताचा वाफा’ तयार झाला. त्यात इतका ठळक संकेत एकदाही मिळाला नाही.

तरी दावा केला तो २,०३,००० वर्षांतून एकदापेक्षा कमी असा. का? शोध तीन गटांत विभागून घेतला होता, म्हणजे चुकून सापडण्याची संधीही तीनदा. म्हणून तिनाने भागलं. एसपीएसएसमध्ये वीस चाचण्या लावून एकच ‘सिग्निफिकंट’ तेवढी थिसिसमध्ये टाकणाऱ्यांनी हा भागाकार जरूर बघावा.

माझी तक्रार पहिल्या आकृतीबद्दल आहे. तिथे दोन्ही यंत्रांची रेघ सुबकपणे एकमेकींवर बसते आणि वाचणारा तिथेच ‘पटलं’ म्हणून मोकळा होतो. ती रेघ ३५ ते ३५० हर्ट्झच्या फिल्टरमधून गाळलेली आहे. खाली तसं लिहिलंय, पण डोळा आधी चित्र बघतो. पुरावा चौथ्या आकृतीत आहे आणि ती रूक्ष आहे.

२०१७ मध्ये कोपनहेगनच्या नील्स बोर संस्थेतल्या गटाने आक्षेप घेतला, की संकेत वजा केल्यावर उरलेल्या गोंधळातही दोन्ही यंत्रांत नातं दिसतंय. हा आक्षेप साधा नव्हता. नोंद सरकवायची युक्ती दोन्हीकडचा गोंधळ स्वतंत्र आहे या गृहीतकावरच उभी आहे. तेच हललं तर ६,०८,००० वर्षांना काय अर्थ? नंतर बाहेरच्या गटांनीही पुन्हा गणितं केली, त्यांना तसं नातं आढळलं नाही. मला त्यांचं म्हणणं पटतं. पण ही तपासणी शक्य झाली ती लायगोने नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवल्या म्हणून. तुमच्या गाइडच्या आकृतीत ‘डेटा खुला करा’ असा चौकोन आहे का, बघा.

दुधाळ्यालाही हा प्रश्न येणारच. वारंगा फाट्यावरचे ट्रक काही हॅनफर्ड हलवणार नाहीत. १० जुलै २०२४ ला सकाळी कळमनुरी तालुक्यात बसला तसा भूकंपाचा धक्का इथल्या यंत्राला त्रास देईल, पण तो भूकंपमापकावर लगेच ओळखू येईल. अवघड आहे ती जगभर कोसळणाऱ्या विजांची चुंबकीय थरथर. ती दूरदूरच्या यंत्रांपर्यंत एकाच वेळी पोचू शकते. म्हणून प्रत्येक ठिकाणी चुंबकीय क्षेत्र मोजणारी उपकरणंही ठेवावी लागतात.

पेपर फुकट मिळतो. वाचायला सुरुवात चौथ्या आकृतीपासून करा.