टीका, खंडन आणि वाभाडे

ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका, शके १२१२ मधली. तिथे टीका म्हणजे अर्थ उलगडून सांगणं. आज ‘अमक्यावर टीका झाली’ म्हटलं की कोणीतरी दुखावलं, एवढंच आपण समजतो. आणि ती टीका कडक असेल तर हाताला येईल तो शब्द वापरतो: खरडपट्टी, कानउघाडणी, ताशेरे, वाभाडे. जणू सगळे एकच.

तसे ते नाहीत. कानउघाडणीला नातं लागतं. वडीलधाऱ्याने करायची, आणि तीत ऐकणाऱ्याचं भलं गृहीत असतं. खरडपट्टी वरिष्ठ काढतो. तिथे भल्याची अट नाही. ताशेरे ओढायला अधिकारपद हवं, म्हणून ते न्यायालयाला शोभतात. वाभाड्यांना मात्र प्रेक्षक लागतात. बंद खोलीत कुणी कुणाचे वाभाडे काढत नाही.

आता बघा, न्यायालयाने शासनावर ताशेरे ओढले आणि मथळा आला ‘खरडपट्टी’, तर काय होतं? कायद्याने केलेली तपासणी साहेबाच्या रागासारखी वाटू लागते. निकालातलं कारण बाजूला राहतं आणि वाचकाला फक्त कोण कुणाला बोललं ते कळतं. आमचा आक्षेप आहे तो इथे.

खंडन या सगळ्यांहून वेगळं. आपल्या परंपरेत आधी पूर्वपक्ष मांडायचा, समोरच्याचं म्हणणं नीट सांगायचं, मग ते खोडायचं. न्यायसूत्रांनी वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार सांगितले. वाद सत्यासाठी, जल्प जिंकण्यासाठी. वितंडेत स्वतःचा पक्षच मांडायचा नसतो, नुसतं पाडायचं. आजची बरीचशी ‘सडेतोड टीका’ या तिसऱ्या घरातली आहे.

कोणी म्हणेल, मग कठोर बोलूच नये का? जरूर बोलावं. महात्मा फुल्यांनी १८८३ साली पुस्तकाला नावच दिलं ‘शेतकऱ्याचा असूड’. पण त्या असुडामागे शेतकऱ्याच्या दैन्याची कारणमीमांसा होती, उपायही सुचवलेले होते. कठोरपणा आणि वितंडा यांत फरक आहे तो हाच.

तेव्हा कडक शब्द वाचला की आपण एक विचारावं: याला उत्तर देता येईल का? खंडनाला उत्तर देता येतं. वाभाड्यांना येत नाही; ते फक्त उलट काढता येतात.