जुन्या कॉमिकांचा जीर्णोद्धार

देवळाचा जीर्णोद्धार हें पुण्यकर्म मानण्याची आपल्याकडील रूढी फार जुनी आहे. पडक्या भिंती उभ्या कराव्या, कळस चढवावा, मूर्तीला वज्रलेप करावा, आणि ज्याच्या द्रव्यानें हें झालें त्याचें नांव पायरीवर कोरावें. यांत मूळ देवळाचें कांहीं गेलें असें सहसा कोणास वाटत नाहीं. देऊळ पूजेसाठीं असतें, आणि पूजा अखंड चालली म्हणजे झालें. परंतु जी वस्तु केवळ जुनी आहे म्हणूनच मोलाची, तिचा जीर्णोद्धार करतां येतो काय? अमेरिकेंतील जुन्या कॉमिक पुस्तकांच्या संग्राहकांमध्यें हा वाद गेलीं कित्येक वर्षें चालला आहे. विषय वरवर पोरखेळाचा दिसतो खरा; पण कलावस्तूच्या स्वरूपाविषयींचा एक खरा प्रश्न त्यांत गुंतलेला आहे, असें आम्हांस वाटतें.

हीं पुस्तकें मुळांत कसलीं होतीं हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. 1938 सालच्या जून महिन्याचा ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक, ज्यांत सुपरमॅन प्रथम अवतरला, दहा सेंटांस मिळत असे. कागद वर्तमानपत्राचा, म्हणजे लाकूड नुसतें वाटून केलेला. लाकडांतील लिग्निन त्यांत तसेंच राहिल्यामुळें उजेड व हवा लागतांच तो पिवळा पडूं लागतो, आणि उत्पन्न होणारें आम्ल त्याचे तंतू आंतून तोडीत जातें. अखेरीस पान दुमडलें कीं पापडासारखें मोडतें. वरचें वेष्टन तेवढें जरा गुळगुळीत, आणि सगळें मिळून तारेच्या टांक्यांनीं शिवलेलें. दमट हवेंत हे टांके गंजतात व त्यांच्या भोंवतीं तांबूस डाग पसरतो. पोरांनीं महिनाभर वाचावें व पुढला अंक आला म्हणजे टाकून द्यावें, एवढीच छापणारांची अपेक्षा. आणि पोरांनीं ती पुरी केली. दुसऱ्या महायुद्धांत रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, त्यांत असंख्य अंक लगद्यांत गेले. 1948 सालीं न्यूयॉर्क संस्थानांतील बिंगहॅम्टन गांवीं शाळेच्या मुलांकडूनच त्यांची होळी करविण्यांत आली, आणि 1954 सालीं फ्रेड्रिक वर्थॅम नांवाच्या मानसरोगतज्ज्ञानें सबंध पुस्तक लिहून त्यांच्यावर आरोपपत्र ठेविलें. इतक्यांतून जें उरलें तें दुर्मिळ झालें यांत नवल काय! वर सांगितलेल्या दहा सेंटांच्या अंकाची एक प्रत 2014 सालीं 32,07,852 डॉलरांस विकली गेली.

त्या प्रतीची हकीकत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगराळ मुलुखांतील एका गृहस्थानें ती 1938 सालीं विकत घेतली, आणि पुढें अनेक वर्षें ती त्याच्या घरीं देवदारी पेटींत पडून होती. तिच्यावर कोणीं कांहीं केलें नाहीं; तिचें भाग्य तेवढेंच. तसाच एडगर चर्च नांवाचा कोलोरॅडोंतील एक चित्रकार. त्यानें हजारों अंक थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागीं दाबून रचून ठेविले होते. 1977 सालीं तो संग्रह बाहेर आला तेव्हां चाळीस वर्षांपूर्वींचे रंग कालच छापल्यासारखे ताजे दिसले. पुष्कळ अंकांचीं पानें अद्यापि पांढरीं आहेत.

पण प्रत्येक प्रतीच्या वांट्याला देवदारी पेटी येत नाहीं, आणि येथेंच जीर्णोद्धाराचा धंदा उभा राहिला. 1970 सालीं ओव्हरस्ट्रीट यानें या पुस्तकांच्या किंमतींची पहिली मार्गदर्शिका काढली. फाटकी प्रत व नेटकी प्रत यांच्या किंमतींतील अंतर असें छापील आंकड्यांत दिसूं लागल्यावर तें अंतर बुजविणारे कारागीर पुढें आले. पान रसायनांत धुवून डाग काढावे, फाटलेला भाग जपानी कागद व गव्हाची खळ लावून सांधावा, कोपरा झडला असेल तर दुसऱ्या कागदाची भर घालावी, रंग उडाला असेल तेथें कुंचल्यानें रंग भरावा. आणि कडा चुरगळली असल्यास, हें सांगतांनाही आम्हांस संकोच वाटतो, ती सरळ छाटून टाकावी! आरंभीं या कामाची वाहवाच होत असे. पुढें 2000 सालीं सर्टिफाइड गॅरंटी कंपनी निघाली. ती पुस्तकाची तपासणी करून 0.5 पासून 10 पर्यंत गुण देते व तें पारदर्शक आवरणांत कायमचें बंद करते. अस्पर्श प्रतीला निळें लेबल, जीर्णोद्धारिताला जांभळें. त्याबरोबर वारें फिरलें. कालपर्यंत जी सुधारणा होती ती आज व्यंग ठरली; संग्राहकांनीं जांभळ्या लेबलाला मृत्यूचेंच नांव दिलें, आणि त्या प्रतींच्या किंमती मूळच्या एका अंशावर आल्या.

आतां बाजाराचा निकाल म्हणजे विचाराचा निकाल नव्हे. ज्या बाजारानें जीर्णोद्धार डोक्यावर घेतला, त्यानेंच तो आपटला. शिवाय त्याच्या न्यायांत विसंगति थोडी नाहीं. उष्णता व दाब देऊन घड्या व सुरकुत्या घालविण्याच्या क्रियेस ही कंपनी जीर्णोद्धार मानीत नाहीं. ती केलेली प्रत निळें लेबल मिरवते. याहून विलक्षण प्रकार असा कीं, जांभळ्याचें निळें व्हावें म्हणून पूर्वीं भरलेला रंग खरवडून काढणारे आणि सांधलेली चीर पुन्हां उसवणारे लोकही निघाले आहेत. लेबलासाठीं पुस्तकाला जखम करावी, आणि तिला शुद्धीकरण म्हणावें!

आमच्या मतें प्रश्न वेगळ्या रीतीनें मांडला पाहिजे: संग्राहक विकत घेतो तें काय? कथा म्हणावी, तर त्या पहिल्या अंकाचें मोठ्या आकाराचें पुनर्मुद्रण मूळ प्रकाशकांनींच 1974 सालीं काढलें, आणि नंतरही ती कथा अनेकदां छापली गेली आहे. कथेसाठीं लाखों डॉलर कोण देईल? तो विकत घेतो ती साक्ष. अमुक कागद, अमुक शाई, अमुक वर्षीं एका दुकानाच्या फळीवर होती, आणि ती हीच, ही साक्ष. पुष्कळ जुन्या प्रतींच्या वेष्टनावर दुकानदारानें अंक आल्याची तारीख पेन्सिलीनें टिपलेली आढळते. जीर्णोद्धार करणारा तिला मळ समजून पुसतो. आमच्या दृष्टीनें ती त्या प्रतीवरील सर्वांत वाचनीय ओळ असते. अशा वस्तूवर नवा रंग चढविणें म्हणजे साक्षीदाराला पढवून उभें करणें होय. रस्किननें 1849 सालीं इमारतींविषयीं हाच वाद घातला होता. जुन्या इमारतीचा जीर्णोद्धार तो तिच्या नाशाहून वेगळा मानीत नसे, आणि वेळच्या वेळीं छपराची निगा राखावी म्हणजे तो प्रसंगच येणार नाहीं, असें त्याचें सांगणें असे. रस्किनच्या अतिरेकाचे आम्ही भक्त नाहीं. पण छपराच्या निगेची गोष्ट आम्हांस पटते.

कारण निगा आणि नटविणें यांत अंतर आहे. खळीनें सांधलेली चीर पुन्हां सोडवितां येते, ती पुढची फाट थांबविते, आणि पाहणाराला ती दिसते; तींत लबाडी नाहीं. कागदांतील आम्ल मारण्याची क्रियाही, जाणत्या हातानें केली तर, आयुष्य वाढविणारी आहे. वर सांगितलेल्या कंपनीनेंही 2014 पासून अशा जतनाच्या कामासाठीं निराळें लेबल ठेविलें आहे, हें तिचें शहाणपण. रंग भरणें मात्र केवळ डोळ्यांसाठीं असतें, आणि छाटलेली कडा तर कोणत्याच उपायानें परत येत नाहीं. म्हणून पहिल्यास होकार, दुसऱ्यास नकार, आणि कात्रीला दंड, असा आमचा निवाडा आहे. पैशाच्या हिशेबानें पाहिलें तरी साधारण बरी प्रत नटविण्यांत खर्च जातो तो जातोच, वर किंमतही उतरते. जी प्रत वेष्टन सुटून तुकड्यांवर आली आहे, तिची गोष्ट निराळी. तिला नष्ट होऊं देण्यापेक्षां कारागिराच्या हातीं द्यावी, आणि काय काय केलें तें कागदावर लिहून तिच्याबरोबर ठेवावें.

जांभळ्या लेबलाच्या तयार प्रतींविषयीं एक चांगला शब्द बोलल्यावांचून राहवत नाहीं. त्यांची किंमत पडल्यामुळें बेताच्या मिळकतीच्या माणसाला एखादा मोठा अंक आपल्या कपाटांत ठेवतां येतो. निळ्या लेबलाचा अंक पेढींतल्या तिजोरींत निजतो. हा मनुष्य कदाचित् आवरण फोडून आपला अंक वाचीलही. दोघांत खरा संग्राहक कोण, हें आम्ही वेगळें सांगत नाहीं.

आपल्याकडेही हा प्रश्न दाराशीं आला आहे. मुंबईहून 1964 पासून 1990 पर्यंत निघालेल्या इंद्रजाल कॉमिकांचे, वेताळाच्या त्या गोष्टींचे, जुने अंक आतां लोक शोधूं लागले आहेत. येथील शत्रु अमेरिकेहून कडवे: पावसाळी दमट हवा, कसर, वाळवी, आणि या सर्वांवर ताण करणारी चिकटपट्टी. प्रेमानें चिकटविलेली ही पट्टी कांहीं वर्षांनीं सुटून येते, तिचा डिंक मात्र कागदांत मुरून तपकिरी होतो, व तो काढणें जाणत्यासही जड जातें. वाचनालयांत अंकांचे गठ्ठे करून, कडा छाटून, पुठ्ठ्यांत बांधीत. त्यामुळें अंक टिकले, पण चित्रांचा कांठ गेला. ज्यांच्या माळ्यावर असे सुटे अंक अजून असतील त्यांनीं ते या पावसाळ्यापूर्वीं खालीं काढावे, आम्लरहित कागदांत गुंडाळून कोरड्या कपाटांत आडवे ठेवावे, आणि चिकटपट्टी मुलांच्या दप्तरांतच राहूं द्यावी.