सखारामचं घर, लक्ष्मीचा पत्ता

गावी, देऊळघाटला, शेजारच्या मावशींना मी माझा पीएचडीचा विषय समजावून सांगत होते: मराठी नाटकातलं घर, त्यात कोण येतं, कोणाला काढलं जातं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मंग नमुना आठवर नाव कोनाचं हाय?"

ग्रामपंचायतीच्या रजिस्टरमध्ये घर कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न मी 'सखाराम बाइंडर'ला कधी विचारलाच नव्हता. म्हणून पुन्हा वाचलं.

विजय तेंडुलकरांचं हे नाटक 1972 चं. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना सखाराम घरी आणतो. करार सरळ आहे: राहायचं, घर सांभाळायचं, त्याची हौस पुरवायची. पटेनासं झालं की साडी, तिकीट आणि रामराम. यावर नेहमी वाचायला मिळणारं मत असं की सखाराम निदान खोटं तरी बोलत नाही, लग्नातला दांभिकपणा तो उघडा पाडतो. हे मत मला आता अर्धंच पटतं. कराराच्या अटी त्याने स्पष्ट सांगितल्या, हे खरं. पण "तूही जाऊ शकतेस" याला अर्थ तेव्हाच, जेव्हा जायला जागा असते. लक्ष्मी पुतण्याकडे जाते आणि तिथूनही हाकलली जाऊन परत येते. सखारामचा खरेपणा त्याला परवडतो, कारण दार त्याच्या हातात आहे.

आता कायद्याकडे येऊ. कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 सालचा. त्याचं कलम 17 म्हणतं की घरावर बाईची मालकी असो वा नसो, तिला सामायिक घरात राहायचा हक्क आहे. कायदेशीर मार्गाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही. 2006 च्या बत्रा निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क आखडून टाकला होता. सासूच्या मालकीचं घर त्यात बसत नाही, असं म्हटलं. 2020 मध्ये आहुजा निकालाने ती चूक दुरुस्त केली.

लग्न न झालेल्या जोडप्यांचं काय? कायद्यात 'लग्नासारखं नातं' असा शब्दप्रयोग आहे. मग लक्ष्मीला संरक्षण मिळेल? इथेच मी अडखळले. 2010 च्या वेलुसामी निकालात अशा नात्याच्या अटी दिल्या आहेत, आणि त्यातली एक म्हणजे दोघंही कायद्याने लग्न करायला मोकळे हवेत. लक्ष्मी मोकळी नाही, चंपाही नाही. एकीला नवऱ्याने टाकलं, दुसरीने नवऱ्याला सोडलं, पण काडीमोड कुठे झाला? म्हणजे ज्या कारणाने त्या सखारामच्या दारात आल्या, त्याच कारणाने कायद्याच्या दाराबाहेर राहतात. नाटकाला पन्नास वर्षं उलटली तरी ही फट बुजलेली नाही.

या नजरेने शेवट वेगळाच दिसतो. दाऊदशी चंपाचे संबंध आहेत हे लक्ष्मी सखारामला सांगते. तो चंपाला मारतो. प्रेत घरातच पुरायचं, हा निर्धार लक्ष्मीचा. याला आपण तिच्या भाबड्या धार्मिकतेचं काळं रूप मानतो. मला वाटतं, हा तिचा नमुना आठ आहे. जमिनीखाली ते गुपित असेपर्यंत तिला कोणी "चालती हो" म्हणू शकत नाही. घरात टिकण्याचा हक्क तिला मिळतो, पण दुसऱ्या बाईच्या जिवावर.

तेंडुलकरांवर माझा आक्षेपही इथेच आहे. दोघींचा प्रश्न एकच, निवाऱ्याचा. चंपाच्या रदबदलीमुळेच तर लक्ष्मीला परत आसरा मिळतो. पण नाटक त्या दोघींच्या सोबतीत फार रेंगाळत नाही, त्यांना एकमेकींसमोर उभं करतं. त्यामुळे बघणारा लक्ष्मीला दोष देत घरी जातो आणि दार कोणाच्या हातात होतं हे विसरतो.

1990 च्या आसपास शेतकरी संघटनेने बायकोच्या नावावर जमीन करून द्यायची मोहीम चालवली होती. तिचं नाव होतं 'लक्ष्मीमुक्ती'. नावाचा हा योगायोग मला आता सोडवत नाही.

मावशींना हे सगळं फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई, पन तिले घर भेटलं का?"

प्रबंधाचं पुढचं प्रकरण याच प्रश्नावर आहे.