सामंताची साक्ष

विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस मात्र त्यातील सामंताच्या साक्षीविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

लीला बेणारेवर अभिरूप खटला चालतो. त्यात हा साधाभोळा खेडूत सांगतो की, प्रा. दामल्यांच्या खोलीबाहेर उभे असताना आतून बाईचे रडणे-बोलणे ऐकू आले. वास्तविक हे सारे त्याच्याजवळच्या कादंबरीतले. कोणी काही ऐकलेलेच नाही! तरी मंडळी ते धरून बसतात. कारण संशय त्यांच्या मनात आधीपासून होता.

सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत तीन गोष्टींची मनाई आहे. त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे: आधी बदगुमानी, मग तजस्सुस म्हणजे दुसऱ्याची गुपिते हुडकणे आणि शेवटी गीबत. नाटकातल्या पायऱ्याही याच. निकाल मनात अगोदर ठरतो, आणि पुराव्यासाठी माणूस दाराला कान लावतो.

आमच्या लातूरच्या मोहल्ल्यांत दोन घरांत एकच भिंत. शब्द कानावर पडणारच, त्यात गुन्हा नाही. पण भिंतीआडून ऐकलेल्या अर्ध्या वाक्यावर एखाद्या पोरीची शाळा सुटते, तेव्हा तेथेही कोर्टच चालू असते.

आमच्या कथांतून दारामागे उभी राहणारी पात्रे पुष्कळ. ती ऐकतात आणि कथानक पुढे सरकते. ती तेथे का थांबली, हे कथाकाराने आधी विचारावे.