अर्धवट रंगवलेली आभाळे

लाशेझ आणि गूर्दे या पॅरिसच्या सजावटकार जोडीचे नाव कलेतिहासाच्या मोठ्या ग्रंथांत सहसा आढळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी केलेले छतांचे अनेक आराखडे आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. मध्यभागी आभाळ, सभोवती वेलबुट्टी, पदके आणि फुलांच्या माळा. पुष्कळसे अलंकरण आधीच्या राजवटींच्या शैलींतून निःसंकोच उचललेले. तेवढ्यावरून या कामास दुय्यम ठरवण्याची रीत पडली आहे. ती आम्हांस मान्य नाही.

ही चित्रे नव्हेत, घरमालकापुढे ठेवलेले प्रस्ताव आहेत. कित्येक कागदांवर छताचा एकच कोपरा किंवा अर्धाच भाग जलरंगात पूर्ण केलेला दिसतो. उरलेल्या जागी शिसपेन्सिलीच्या रेषा, नाहीतर कोरा कागद. नक्षी समतोल असल्याने पाहणाऱ्याने बाकीचे मनाने भरून घ्यावयाचे. या प्रकारच्या रेखाटनांत कधी दोन अर्धांत दोन निरनिराळ्या नक्ष्या शेजारी मांडतात; घरमालकाने पसंत पडेल ती निवडावी. भिंत आणि छत यांना जोडणारा अंतर्गोल पट्टाही उलगडून सपाट दाखवावा लागतो. ही सारी परिभाषा न जाणता असा कागद चौकटीत घालून भिंतीवर टांगला, की तो अपुरा आणि काहीसा भडक वाटणारच. मान वर करून, दिव्यांच्या उजेडात, बऱ्याच अंतरावरून दिसावयाचा रंग आपण हातभर अंतरावरून तपासत असतो. मधली आभाळे मात्र पुष्कळदा निर्जीव आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. सजावटकारांचा हात खुलतो तो कडेच्या पट्ट्यांत.

छतापेक्षा कागद अधिक टिकाऊ ठरल्याची उदाहरणे फ्रान्समध्ये थोडी नाहीत. पॅरिसच्या नगरभवनातील आंग्र आणि देलाक्रवा यांची छतचित्रे मे १८७१च्या आगीत नष्ट झाली. आता त्यांची कल्पना पूर्वतयारीच्या रेखाटनांसारख्या आणि छोट्या तैलचित्रांसारख्या साधनांवरून करावी लागते. १८७५ साली उघडलेल्या गार्निए ऑपेरागृहाचे दैव निराळे. तेथील लेनेपव्हूचे छत जळले नाही, उतरवलेही नाही; १९६४ साली त्याच्याखाली शागालचे चित्र बसवले गेले. प्रेक्षक मान वर करतात ती शागालकडे पाहण्यासाठी. लेनेपव्हूची कल्पना पाहावयाची, तर सेन नदी ओलांडून ऑर्से संग्रहालयातील त्याच्या लहानशा नमुन्यापाशी जावे लागते.