शरणपूरचा जेकब

नाशिकच्या शरणपूर रस्त्यावरून आपण नित्य ये-जा करतो; परंतु त्या नावातील 'शरण' कोणाला मिळाली होती, हे विचारावेसे आपल्याला सहसा वाटत नाही. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या देखरेखीखालील या वस्तीत, १८६०नंतरच्या दशकात, इंग्रज आरमाराने गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेली आफ्रिकी मुले राहत, शिकत आणि सुतारकी-लोहारकीचे धडे घेत. जेकब वेनराइट हा त्यांपैकीच एक. झिम्बाब्वेच्या लेखिका पेटिना गापा यांच्या 'आउट ऑफ डार्कनेस, शायनिंग लाइट' (२०१९) या इंग्रजी कादंबरीचा उत्तरार्ध या जेकबच्याच तोंडी आहे. नाशिककर या नात्याने आम्ही ती अंमळ अधिकच उत्सुकतेने वाचली.

कथाभाग इतिहासाचा आहे. १८७३ साली, आज झाम्बियात असलेल्या चितांबोच्या गावी डेव्हिड लिव्हिंग्स्टन निवर्तले. सोबत्यांनी त्यांचे हृदय झाडाखाली पुरले, देह मीठ लावून उन्हात वाळविला आणि सुमारे नऊ महिन्यांची वाट तुडवीत तो समुद्रकाठी आणला. दफनाची प्रार्थना जेकबने वाचली. झाडावरचा लेख त्यानेच कोरला. वाटेत पुढे पाठविलेले मृत्यूच्या वार्तेचे पत्रही त्याच्याच हातचे.

कादंबरीचा पूर्वार्ध हलिमा ही स्वयंपाकीण सांगते आणि तो भाग आम्हाला फार आवडला. तिची जीभ तिखट आहे, नजर चुकत नाही. मोठ्या डॉक्टरसाहेबांचे मोठेपण ती चुलीपाशी बसून तोलते. पुढे जेकबची कल्पित रोजनिशी सुरू होते आणि तेथेच आमची तक्रारही सुरू होते. हा जेकब बन्यनच्या भाषेत बुडालेला, स्वतःच्या पुण्याईवर खूश, बरोबरच्यांना कमी लेखणारा असा आहे. शाळेत मिळालेली विद्या त्याच्या अंगावर उसन्या अंगरख्यासारखी लोंबते. लेखिकेचा उपरोध वायफळ नाही; ज्याचे नाव-गाव हिरावले गेले आणि ज्याला गाडे बनविणाऱ्या सुताराचे इंग्रजी आडनाव मिळाले, त्या मुलाची आपल्याच माणसांशी पडलेली फारकत त्यांनी अचूक टिपली आहे. परंतु श्रद्धा म्हणजे केवळ नक्कल, असा समज त्यामागे आहे आणि तो आम्हाला पटत नाही. बन्यनचा तो ग्रंथ हरि केशवजींनी 'यात्रिक क्रमण' म्हणून १८४१ सालीच मराठीत आणला होता. आमच्या प्रॉटेस्टंट बांधवांच्या घरी तो वाचला गेला. ती सारी घरे काही दांभिकांची नव्हती!

खरी रोजनिशी कादंबरीपुढे ठेवली की फरक चटकन कळतो. ती १८७४ साली जर्मन भाषांतरात, एका भूगोलविषयक नियतकालिकात छापली गेली. मूळ इंग्रजी हस्तलिखित सर्वांना पाहता येऊ लागले ते २०१९ साली. मुक्काम, वाटेतली गावे, माणसांच्या चालीरीती अशी ही कोरडी नोंद आहे. तिच्यात प्रवचन जवळपास नाही. होरेस वॉलर यांनी १८७४ साली लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या रोजनिश्या संपादित करताना सुसी व चुमा यांच्या तोंडच्या हकिकतीवर भर दिला. जेकबचे लेखन मात्र बाजूला राहिले. जेकबने झाडावर मृत्यूची तारीख ४ मे कोरली, वॉलरच्या ग्रंथात ती १ मे आहे आणि जगाने वॉलर यांची मानली.

मग आपल्या स्मरणिकांचे काय? आपला धर्मप्रांत १९८७ साली पुण्यापासून वेगळा झाला. त्यानंतरच्या ज्या-ज्या स्मरणिका आम्ही चाळल्या, त्यांत परदेशी धर्मगुरूंची नामावळी भक्तिभावाने दिलेली आढळली आणि ती योग्यच आहे. मात्र मिशनकार्याची वाट तेथे एकाच दिशेने येते: युरोपातून आपल्याकडे. नाशिकहून निघालेल्या वाटेचा मागमूस नाही. शरणपुरात शिकलेले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर १८६४ साली मोंबासाजवळच्या रबाईस गेले व १८८५ साली तेथे त्यांना अँग्लिकन पंथात दीक्षा मिळाली. हे 'आपल्या मंडळीचे' नव्हते म्हणून आपण त्यांना सोडून द्यावे काय?

सोडून देता येत नाही, कारण वाटेवर आपणही भेटतो. फेब्रुवारी १८७४मध्ये तो देह बागामोयोला पोहोचला, तेव्हा तो ठेवून घेतला गेला फ्रेंच कॅथलिक धर्मगुरूंच्या, पवित्र आत्म्याच्या संघाच्या मिशनमध्ये. तो देह होता एका स्कॉटिश प्रॉटेस्टंटाचा. तो आणणाऱ्यांत नाशिकच्या अँग्लिकन शाळेत शिकलेला याव जमातीचा तरुण होता. आणि ज्या पाद्रींनी दार उघडले, त्यांच्या देशाची त्या प्रदेशावर सत्ता नव्हती. पंथैक्याचा शब्दही जेव्हा कोणी उच्चारत नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. एखाद्या कादंबरीकाराने या रात्रीवरच सारी कादंबरी रचावी, असे आम्हाला वाटले.

जेकब देहासोबत इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी धरणाऱ्यांत उभा राहिला. पुढे तो पूर्व आफ्रिकेत परतला आणि १८९२ साली उरांबो येथे वारला.