‘गरोदरपणापूर्वी’ हा आकडा नेमका कधीचा?

शिंकताना, खोकताना, जोरात हसताना लघवीचे थेंब जाणं हा त्रास बाळंतपणामुळे होतो, असं सगळे धरून चालतात. मग पहिलटकरणींमध्ये बाळंतपणाच्या आधीच तो किती असतो? या विषयावर वाचायला लागलात की नॉर्वेचा एक पेपर तुमच्यासमोर येणारच: वेस्नेस, रोर्टवेइट, बो आणि हुन्स्कार, 2007. पेपर चांगला आहे, म्हणूनच तो जरा तपासून वाचूया.

आधी त्याची गरज का पडली ते बघा. 2003 मध्ये रोर्टवेइट आणि सहकाऱ्यांनी 15,307 नॉर्वेजियन स्त्रियांचा अभ्यास छापला. लघवी गळण्याचं प्रमाण मूल न झालेल्यांमध्ये 10.1 टक्के, फक्त सिझेरियन झालेल्यांमध्ये 15.9 आणि योनीमार्गे बाळंत झालेल्यांमध्ये 21 टक्के निघालं. यातला पहिल्या दोन आकड्यांमधला फरक महत्त्वाचा. सिझेरियन होऊनही प्रमाण जास्त आहे, म्हणजे थोडा वाटा गरोदरपणाचाही असावा. पण हा अभ्यास एका वेळी सगळ्यांना विचारून केलेला. त्रास सुरू कधी झाला, हे त्यातून कळत नाही.

2007 चा पेपर ही जागा भरतो. ‘मोबा’ या नॉर्वेतल्या माता-बालक अभ्यासातल्या 43,279 गरोदर स्त्रियांची माहिती त्यात आहे. याआधी मूल न झालेल्यांमध्ये लघवी गळण्याचं प्रमाण गरोदरपणापूर्वी 15 टक्के आणि 30व्या आठवड्यात 48 टक्के. प्रसूती व्हायच्या आत ते तिपटीहून जास्त झालं! एवढ्या मोठ्या नमुन्यावर हे दाखवणं, हे या पेपरचं खरं काम.

आता त्या 15 टक्क्यांवर बोट ठेवा. ते मोजले कधी? मोबामध्ये स्त्रिया आल्या त्या गरोदर राहिल्यावर, सोनोग्राफीच्या सुमाराला. म्हणजे ‘पूर्वी’चा आकडा हा गरोदर असताना आठवून दिलेला आकडा आहे. आठवण दोन्हीकडे झुकू शकते. आता रोज थेंब जात असतील, तर वर्षभरापूर्वी क्वचित गेलेले थेंब कोण मोजणार? उलट, कुणाला ‘हे तर आधीपासूनच होतं’ असंही वाटू शकतं.

याने किती फरक पडतो, ते कागदावर करून बघा. आधी त्रास असलेल्या सगळ्यांचा त्रास चालूच राहिला, असं माना. मग उरलेल्या 85 जणींपैकी 33 जणींना तो नव्याने सुरू झाला, म्हणजे 39 टक्के. समजा खरा आकडा 15 नसून 25 होता. मग 75 पैकी 23, म्हणजे साधारण 31 टक्के. वाढ नाहीशी होत नाही, पण बरीच खाली येते. निष्कर्षाची दिशा टिकते, आकार डळमळतो. टीका करताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला शिका. ‘रिकॉल बायस आहे’ एवढं लिहून थांबणं म्हणजे टीका नव्हे.

ही चूक पुढेही झिरपू शकते. याच गटाच्या 2009 च्या पेपरमध्ये गरोदरपणापूर्वी त्रास नसलेल्या 12,679 पहिलटकरणी घेतल्या आहेत. ‘त्रास नसलेल्या’ हे ठरलं कशावरून? पुन्हा त्यांच्या सांगण्यावरूनच.

आणखी दोन मुद्दे, थोडक्यात. एक, 48 टक्क्यांत ‘कितीही, केव्हाही’ गळणं धरलं आहे. लेखक स्वतःच सांगतात की बहुतेकींना आठवड्यातून एकदापेक्षा कमी वेळा आणि थेंबांपुरताच त्रास होता. हे वाक्य गाळून नुसता 48 उचललात, तर निम्म्या पहिलटकरणी आजारी ठरतात. दोन, मोबासाठी बोलावलेल्यांपैकी सुमारे 41 टक्केच सहभागी झाल्या. त्यांत धूम्रपान करणाऱ्या आणि अगदी तरुण स्त्रिया कमी होत्या. त्यामुळे हे प्रमाण सगळ्या नॉर्वेचं म्हणतानाही जपून, आपल्या सिनॉप्सिसमध्ये महाराष्ट्राचं म्हणून तर नाहीच.

मग उपाय काय? गरोदर राहण्याआधीच स्त्रियांना अभ्यासात घेणं उत्तम, पण ते महाग आणि वेळखाऊ. ते जमणार नसेल, तर निदान पहिल्या तिमाहीत विचारा, नेमका काळ सांगून विचारा, आणि वर केलं तसं ‘आकडा चुकला असेल तर काय’ हे गणित पेपरमध्येच मांडा. प्रश्नाची भाषाही बघा. ‘लघवीवर ताबा राहत नाही का?’ याला जी लाजून नाही म्हणेल, तीच ‘खोकताना थेंब जातात का?’ याला हो म्हणू शकते.

पुढच्या वेळी ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन रकाने दिसले, की निकालाआधी पद्धतीचं पान उघडा. ‘आधी’ खरंच आधी मोजलंय का, एवढंच शोधा.